सातबारा, संगणक आणि मधला दुभाषी



गेल्या शुक्रवारी आम्ही मालेगावात मोसम पुलाजवळच्या एका ओळखीच्या घरी गेलो होतो. शुक्रवार म्हणजे मागाला सुट्टी, त्यामुळे सगळी मंडळी घरीच होती. वडील यंत्रमागावर कामाला, आई कांड्या भरायला जाते, आणि थोरली मुलगी संगणकाच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला. एरवी हे घर हसतेखेळते. त्या दिवशी मात्र मुलगी कोपऱ्यात पुस्तक उघडून नुसती बसली होती. चहाचा कप आमच्या हातात देता देता आई म्हणाली, "भाऊ, आता तुम्हीच बोला हिच्याशी. चार दिवस झाले, धड जेवत नाही."

गोष्ट अशी झाली होती. मुलगी नोकरीच्या मुलाखतीला नाशिकला गेली होती. स्वतःच्या हाताने बनवलेला प्रोग्रॅम तिने साहेबांना दाखवला. वस्तीतल्या महिला बचत गटाचा हिशेब ठेवणारा तो प्रोग्रॅम. साहेबांना आवडला. मग त्यांनी विचारले, "तुझा हा प्रोग्रॅम डेटाबेसशी बोलतो कसा?" ती म्हणाली, "ओआरएम वापरलाय, सर." साहेब म्हणाले, "तो आत काय करतो?" मुलगी म्हणाली, "ते आपोआप होतं, सर." साहेबांनी कागद बाजूला ठेवले आणि कळवतो म्हणाले. अजून काही कळवलेले नाही.

मुलगी आम्हाला म्हणाली, "काका, कॉलेजात एवढंच शिकवलं. अमुक ओळ लिहा, डेटा येतो. तमुक ओळ लिहा, साठवला जातो. आत काय होतं ते कोणी सांगितलंच नाही."

आम्ही तिच्या वडिलांना म्हणालो, "दादा, गावाकडच्या जमिनीचे कागद आहेत का घरात?" वडिलांना नवल वाटले, पण पेटीतून प्लास्टिकची पिशवी काढून दिली. तालुक्यातल्या एका गावी त्यांची वीस गुंठे वतनाची जमीन आहे. सातबारा होता, आठ-अ होता आणि एक जुना फेरफार होता. ओआरएमचा सगळा धडा या पिशवीत आहे, असे आम्ही म्हणालो तेव्हा आई हसली. पण वाचकहो, ते अगदी खरे होते. कसे, ते सांगतो.

आपल्या महाराष्ट्रात गावाच्या महसुलाचा कारभार १ ते २१ अशा गाव नमुन्यांवर चालतो. एकेक नमुना म्हणजे एकेका कामाची वही. गाव नमुना ७ मध्ये जमीन कोणाच्या ताब्यात आहे आणि कोणत्या हक्काने आहे ते लिहितात. नमुना १२ मध्ये त्या जमिनीत कोणते पीक घेतले ते येते. हे दोन एकत्र छापले की झाला आपला सातबारा. नमुना ८-अ मध्ये एका खातेदाराच्या नावावर त्या गावात एकूण किती जमीन आहे ते असते. नमुना ६ ही फेरफाराची नोंदवही. वारस लागला, खरेदी झाली, वाटणी झाली, की आधी तिथे नोंद होते. जुन्या सातबाऱ्यावर नावाजवळ वर्तुळात एक आकडा दिसतो, तो या फेरफाराचा क्रमांक. तो आकडा धरून आपण एका वहीतून दुसऱ्या वहीत जातो.

सगळे एकाच वहीत का लिहीत नाहीत? लिहिले असते तर एका माणसाचे नाव आणि त्याचा सगळा तपशील दहा ठिकाणी लिहावा लागला असता. तो माणूस वारला की दहा ठिकाणी दुरुस्ती. नऊ ठिकाणी होईल, दहावे राहून जाईल, आणि त्या राहिलेल्या दहाव्या ठिकाणावरून पुढे भाऊबंदकी कोर्टात जाईल. म्हणून एक गोष्ट एकाच जागी लिहायची आणि बाकी ठिकाणी तिचा नुसता क्रमांक द्यायचा, ही रीत.

संगणकाचा डेटाबेस याच रीतीने चालतो. १९७० साली एडगर कॉड नावाच्या शास्त्रज्ञाने आयबीएम कंपनीत असताना एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी, आडव्या ओळी आणि उभे रकाने असावेत, आणि एका तक्त्याचा दुसऱ्याशी संबंध त्यात लिहिलेल्या किमतींवरून, म्हणजे क्रमांकासारख्या खुणेवरून, लागावा, असा त्याचा विचार. त्याआधी माहिती झाडाच्या फांद्यांसारखी अडकवून ठेवत. कोणत्या फांदीवरून कुठे जायचे ते प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला पाठ असावे लागे. कॉडच्या विचारावर पुढे तक्त्यांना प्रश्न विचारण्याची एक भाषा तयार झाली, ती एसक्यूएल. आज बँक, रेल्वे, शाळा, दवाखाना, कुठेही जा, आत बहुतेक ठिकाणी हेच तक्ते आहेत.

आता दुसरी बाजू पाहू. गावातली एखादी म्हातारी चावडीवर येते तेव्हा ती "नमुना सातमधली अमुक ओळ, नमुना बारामधली तमुक ओळ" असे म्हणते का? ती म्हणते, "भाऊसाहेब, माझ्या जमिनीचं काय ते बघा." तिच्या डोक्यात जमीन ही एकच गोष्ट आहे. तिचे नाव, तिचे दोन तुकडे, त्यातली बाजरी, त्यावरचा सोसायटीचा बोजा, सगळे एकत्र. प्रोग्रॅम लिहिणाराही असाच विचार करतो. त्याच्या प्रोग्रॅममध्ये 'खातेदार' ही एक अख्खी वस्तू असते. तिच्या पोटात तिची जमीन, जमिनीच्या पोटात तिची पिके. या अख्ख्या वस्तूला संगणकवाले ऑब्जेक्ट म्हणतात.

म्हणजे एका बाजूला अख्खी वस्तू आणि दुसऱ्या बाजूला सुट्या वह्या. या दोघांची भाषा वेगळी, म्हणून मध्ये दुभाषी लागतो. चावडीवर हा दुभाषी म्हणजे तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. ते म्हातारीचे बोलणे ऐकतात, चार वह्या काढतात, क्रमांकावरून क्रमांक जुळवतात आणि तिच्यापुढे तिची जमीन एका कागदावर मांडतात. तिने काही बदल सांगितला की तो पुन्हा योग्य त्या वहीच्या योग्य त्या रकान्यात नोंदवतात.

मुलीला आम्ही म्हणालो, "बाळ, तुझा ओआरएम म्हणजे हा तलाठी. ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंग. एका बाजूला ऑब्जेक्ट, दुसऱ्या बाजूला तक्ते, आणि कोणती गोष्ट कोणत्या रकान्यात जाते याची जुळणी म्हणजे मॅपिंग. तू एकदा लिहून देतेस की माझी 'सभासद' ही वस्तू अमुक तक्त्यात राहते, तिचे नाव या रकान्यात, हप्ते त्या दुसऱ्या तक्त्यात. मग तू वस्तू मागतेस. ओआरएम तुझ्या वतीने एसक्यूएल लिहितो, डेटाबेसकडे पाठवतो, आलेल्या ओळी जुळवतो आणि अख्खी वस्तू तुझ्या हातात देतो. 'साठव' म्हटले की उलटा प्रवास. आपोआप काही होत नाही. कोणीतरी वह्या उघडतोच."

हा दुभाषी फार उपयोगाचा आहे, यात शंका नाही. जावा भाषेतला हायबरनेट २००१ साली आला. रूबी ऑन रेल्समधला ॲक्टिव्ह रेकॉर्ड २००४ साली, आणि पायथनमधला जँगो २००५ साली. जँगोचा जन्म अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाच्या गावी, एका वर्तमानपत्राच्या कचेरीत झाला. बातम्यांच्या घाईत रोज नवे काम भराभर उभे करावे लागे, त्या गरजेतून तो तयार झाला. हे सगळे फुकट मिळते. शेकडो ओळींचे कंटाळवाणे लिखाण वाचते आणि लहानसहान चुका टळतात.

एक मोठे संरक्षणही मिळते. समजा फॉर्ममध्ये 'नाव' विचारले आहे आणि एखाद्या लबाडाने नावाच्या जागी डेटाबेसला द्यायचा हुकूमच लिहून टाकला. भोळा प्रोग्रॅम ते नाव समजून जसेच्या तसे पुढे नेतो आणि डेटाबेस तो हुकूम पाळून बसतो. कारकुनाने अर्जावरचे नाव मोठ्याने वाचावे आणि शिपायाने ते साहेबांचे फर्मान समजून कपाट रिकामे करावे, तसा हा प्रकार. ओआरएम नीट वापरला तर नाव वेगळे आणि हुकूम वेगळा पाठवतो, त्यामुळे नाव हे नावच राहते.

मग साहेबांनी मुलीला का अडवले? कारण दुभाष्यावर सगळे सोपवले की काय घोटाळे होतात ते त्यांना ठाऊक असणार. असे तीन घोटाळे आम्ही त्या घरी सांगितले, ते इथेही सांगतो.

पहिला घोटाळा फेऱ्यांचा. समजा गावात चाळीस खातेदार आहेत आणि सर्वांचे आठ-अ हवे आहेत. शहाणा माणूस एकदाच जाऊन म्हणेल, सगळ्यांचे एकत्र द्या. ओआरएमला नीट सांगितले नाही तर तो आधी एक फेरी मारून चाळीस नावे आणतो, आणि मग एकेका नावासाठी पुन्हा एकेक फेरी मारतो. एकूण एक्केचाळीस फेऱ्या. घरी एकट्याने प्रोग्रॅम चालवून पाहताना हे कळत नाही, कारण तेव्हा खातेदार दोनच असतात. पण उद्या दहा हजार विद्यार्थी एकाच रात्री, शेवटच्या तारखेला, अर्ज भरायला बसतात आणि पडद्यावरचे चक्र नुसते फिरत राहते. त्यामागे असली एखादी आळशी जुळणीही असू शकते. त्यावर उपाय असा की 'संबंधित तक्ताही सोबत आण' असे आधीच सांगायचे, आणि दुभाषी आत कोणते एसक्यूएल लिहितो ते अधूनमधून उघडून वाचायचे. जवळपास प्रत्येक ओआरएममध्ये ते पाहण्याची सोय असते. पण वाचता यायला ती भाषा तर यायला हवी!

दुसरा घोटाळा अर्धवट नोंदीचा. बचत गटातल्या एका बाईने कर्जाचा हप्ता भरला. तिच्या नावे पाचशे रुपये जमा, हे एका तक्त्यात. तिच्या कर्जातून पाचशे वजा, हे दुसऱ्यात. पहिली नोंद झाली आणि वीज गेली, तर? पैसे जमा आहेत, पण कर्ज तेवढेच! म्हणून दोन्ही नोंदी एका गाठीत बांधायच्या असतात. झाल्या तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. याला ट्रॅन्झॅक्शन म्हणतात. जमिनीच्या कारभारातही पाहा. फेरफार नोंदवला की तो लगेच पक्का होत नाही. नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात, मंडळ अधिकारी प्रमाणित करतात, मग सातबाऱ्यावर अंमल येतो. कच्ची नोंद आणि पक्की नोंद यांतला भेद आपल्या आजोबांनाही माहीत होता. संगणकात ती गाठ कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने सांगायचे असते. हप्ता आणि कर्ज एकाच गाठीत हवेत, हे दुभाष्याला मनाने कळत नाही.

तिसरा घोटाळा सर्वांत मोठा, आणि आम्ही तो या घरात मुद्दाम सांगितला. वडिलांच्या सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असे लिहिले आहे. आम्ही मुलीला विचारले, "याचा अर्थ काय?" तिला माहीत नव्हता. वडिलांना होता.

महार वतन म्हणजे काय होते, ते आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. या वतनाच्या कायद्यात सुधारणा व्हावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडले होते. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने रद्द झाली आणि ठरलेली रक्कम भरल्यावर जमिनी पूर्वीच्या वतनदारांना नव्या शर्तीने परत दिल्या गेल्या. शर्त अशी की सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय ही जमीन विकता येत नाही. 'वर्ग २' हे दोन शब्द म्हणजे ती शर्त. या शर्तीचा जाचही होतो, हे खरे. पण अडल्यानडल्या माणसाची जमीन कोणी मातीमोलाने लाटू नये, म्हणून तेच एक कुंपणही आहे.

आता समजा, एखाद्याने जमिनीच्या नोंदीचा प्रोग्रॅम लिहिला. हे केवळ समजण्यासाठी घेतलेले उदाहरण आहे. तक्त्यात 'वर्ग' हा रकाना आहे, पण प्रोग्रॅममध्ये 'जमीन' ही वस्तू लिहिताना तो विसरला. आणि तक्ता बनवणाऱ्याने सोयीसाठी असे ठरवून ठेवले, की या रकान्यात काही आले नाही तर आपोआप 'वर्ग १' धरावे. जुन्या ओळी तशाच राहतात, म्हणून चूक कोणाला दिसत नाही. मग दोन भाऊ वाटणी करतात. दोन नव्या ओळी तयार होतात. वस्तूत वर्ग नाही, म्हणून ओआरएम तो पाठवत नाही, आणि डेटाबेस दोन्ही ठिकाणी 'वर्ग १' लिहून मोकळा होतो. कोणी खोटे बोलले नाही, कोणी पैसे खाल्ले नाहीत, आणि तरी कुंपण गेले! दुभाष्याने आपले काम चोख केले. त्याला जेवढे सांगितले तेवढे त्याने केले.

हे ऐकताना वडील मागावरून उठल्यासारखे ताठ बसले. म्हणाले, "मग यावर उपाय काय?"

उपाय आहे, आणि तो सोपा आहे. नियम दुभाष्याच्या आठवणीवर ठेवू नये, वहीतच छापून ठेवावा. तक्ता बनवतानाच लिहायचे की 'वर्ग' हा रकाना कधीही रिकामा चालणार नाही, आणि त्याला आपोआप भरणारी किंमत असणार नाही. मग विसराळू प्रोग्रॅम आला तरी डेटाबेस ती ओळ घेतच नाही, चूक तिथल्या तिथे उघडी पडते. तसेच, जमिनीच्या ओळीत जो खाते क्रमांक आहे तो खातेदारांच्या तक्त्यात असलाच पाहिजे, असाही नियम तक्त्यालाच घालता येतो. आणि माणसाची ओळख नावावर कधीच ठेवू नये. एका गावात एकाच नावाच्या तीन बाया निघतात, आणि एकाच बाईचे नाव तीन कागदांवर तीन प्रकारे लिहिलेले असते. ओळखीसाठी वेगळा क्रमांक, आणि नाव हे नाव.

१ मे २०१८ पासून आपल्या राज्यात डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. चावडीच्या खेटा वाचल्या, ही चांगलीच गोष्ट झाली. पण वही कागदाची होती तेव्हा निदान बोट ठेवून विचारता येत होते. वही संगणकात गेली, की रकाने कोणते असावेत, रिकामे काय चालेल आणि काय चालणार नाही, हे ठरवणारा माणूस आपल्याला दिसत नाही. त्या खुर्चीवर वर्ग दोनचा अर्थ जाणणारी आपली मुले-मुलीही बसली पाहिजेत. नुसती 'अमुक ओळ लिहा, डेटा येतो' एवढ्यावर ती तिथवर पोचणार नाहीत.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, आणि पालकांनो तुम्हीही, आमचे सांगणे एवढेच. ओआरएम जरूर शिका, नोकरीत तो लागतोच. पण त्याआधी, निदान त्याच्यासोबत, तक्ते आणि एसक्यूएल शिका. यासाठी महागडा क्लास लागत नाही. पोस्टग्रेएसक्यूएल नावाचा उत्तम डेटाबेस फुकट मिळतो. त्याहून लहान एसक्यूलाइट तर तुमच्या खिशात आहे. अँड्रॉइड मोबाईलमधले फोननंबर आणि व्हॉट्सॲपचे निरोप त्याच्याच तक्त्यांत साठलेले असतात. त्यावर सराव करायला जुना संगणकही पुरतो.

सुरुवात मात्र कागदावर करा. घरातल्या आईच्या बचत गटाची वही घ्या. शंभर पानी वहीत तीन तक्ते आखा: सभासद, हप्ते, कर्ज. प्रत्येक सभासदाला क्रमांक द्या. हप्त्याच्या तक्त्यात नाव लिहू नका, फक्त क्रमांक लिहा. मग स्वतःला तीन प्रश्न विचारा. या महिन्यात कोणाचा हप्ता राहिला? कर्ज घेतलेल्या बायांनी आजवर किती फेडले? एखादी बाई गट सोडून गेली तर तिच्या जुन्या ओळींचे काय करायचे? उत्तरे आधी बोटाने शोधा, मग एसक्यूएलमध्ये लिहा, आणि सर्वांत शेवटी ओआरएमने काढा. ओआरएमने आत जे एसक्यूएल लिहिले ते तुमच्या उत्तराशी ताडून पाहा. जिथे फरक पडेल तिथे थांबा, खरे शिक्षण तिथेच होईल.

आम्ही निघालो तेव्हा मुलीने वही उघडली होती आणि तिची आई शेजारी बसून सांगत होती, "अगं, तसं नाही. एका बाईने दोन कर्जं घेतली तर तुझ्या या रकान्यात कशी मावतील?" लेक क्षणभर गप्प झाली, आणि मग तिने तो रकाना खोडून दुसरा तक्ता आखायला घेतला. कांड्या भरणाऱ्या त्या माउलीने ओआरएम हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकला होता. पण वही कशी असावी, हे तिला आधीपासून कळत होते.

मुलीला नोकरी मिळेल तेव्हा मिळेल. पुढच्या मुलाखतीत "आपोआप होतं" असे मात्र ती म्हणणार नाही. आपल्या घरातही असा एखादा विद्यार्थी असेल, तर आज रात्री जेवण झाल्यावर घरातली कागदपत्रांची पिशवी त्याच्यापुढे ठेवा आणि विचारा, "यात काय काय लिहिलंय, आणि कशाला लिहिलंय, सांग बरं."

जयभीम.